वर्णन लिहिलं, तरी ऐकू येतं फक्त ‘ग्राफिक’: अभ्यासक्रमातली चित्रवर्णनं कुठे अडकतात आणि कशी सोडवायची

तक्रार ठरलेली असते. मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रणालीवर धडा चढवला, चित्राच्या वर्णनाची चौकट भरली, आणि आठवड्याने दृष्टिहीन विद्यार्थी कळवतो की आकृती ४ पाशी काहीच ऐकू आलं नाही. चौकट पुन्हा भरली जाते. पुढच्या सत्रात तोच धडा, तीच आकृती आणि तीच तक्रार.

चौकटीत लिहिलेलं वर्णन फाइलीत साठतं, फाइल ब्राउझर किंवा पीडीएफ वाचकात उघडते, तिथून स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) ते उचलतो आणि आवाज ते उच्चारतो. वर्णन यातल्या कुठल्याही टप्प्यावर गळू शकतं. म्हणून चौकट उघडण्याआधी विद्यार्थ्याला विचारा की नेमकं काय ऐकू आलं: काहीच नाही, नुसतं ‘ग्राफिक’, अगम्य उच्चार, की सगळं ऐकूनही आकृती कळली नाही. या चार उत्तरांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

आधी स्वतः ऐका

विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि त्यातल्या ईस्पीक आवाजांत मराठीही आहे. सतत बोलणाऱ्या आवाजाची सवय नसेल, तर एनव्हीडीएच्या मेनूतल्या ‘टूल्स’मधून ‘स्पीच व्ह्यूअर’ सुरू करा. जे बोललं जातं तेच एका छोट्या खिडकीत लिहून येतं. धड्याचं पान ब्राउझरमध्ये उघडा आणि ‘जी’ ही कळ दाबत राहा. प्रत्येक दाबाला पुढचं चित्र येतं, शिफ्टसह दाबल्यास मागचं. पानावर डोळ्यांना सहा चित्रं दिसतात आणि ‘जी’ला चारच सापडतात, याचा अर्थ उरलेली दोन विद्यार्थ्यासाठी पानावर नाहीतच. नंतर पानाच्या सुरुवातीपासून खाली जाणारा बाण दाबत सलग ऐका, म्हणजे चित्र मजकुरात योग्य जागी येतं का तेही कळेल.

अनेक विद्यार्थी धडे मोबाइलवरच वाचतात. त्यामुळे एकदा अँड्रॉइडवर टॉकबॅक हा तिथला स्क्रीन रीडर चालू करून, उजवीकडे बोट सरकवत तेच पान ऐकायला हवं. संगणकावर नीट चालणारं पान ॲपमध्ये वेगळं वागू शकतं.

काहीच ऐकू येत नाही

मूडलमध्ये याचं नेहमीचं कारण एक छोटी खूण असते. चित्र घालताना एडिटर वर्णन मागतो. ते रिकामं ठेवायचं असेल तर ‘वर्णनाची गरज नाही’ किंवा ‘हे चित्र केवळ सजावटीचं आहे’ अशा अर्थाच्या चौकटीवर खूण करावी लागते. घाईत ती खूण केली की चित्र जतन होतं, पण स्क्रीन रीडरला ‘हे वगळ’ असा निरोप जातो. चित्रावर दोनदा क्लिक करून ती खूण काढा, वर्णन लिहा आणि पान जतन करून पुन्हा ऐका. खूण करायचीच तर प्रत्येक पानावरच्या लोगोला, नक्षीला, दोन परिच्छेदांमधल्या फुलाच्या रेघेला करा. तिथे वर्णन लिहिणं उलट त्रासाचं असतं, कारण विद्यार्थ्याला प्रत्येक पानावर तेच पुन्हा ऐकावं लागतं.

वर्डमधून आलेल्या पीडीएफमध्ये दोष बहुधा फाइल बनवण्याच्या पद्धतीत असतो. ‘प्रिंट’मध्ये जाऊन ‘प्रिंट टू पीडीएफ’ निवडलं की कागदासारखं दिसणारं पान तयार होतं, आणि चित्रांची वर्णनं, शीर्षकं, तक्त्यांची रचना सगळं गळून जातं. ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडा, ‘ऑप्शन्स’ उघडा आणि ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’ यावर खूण आहे ना ते पाहा. लिबरऑफिस वापरत असाल तर पीडीएफ निर्यात करताना ‘टॅग्ड पीडीएफ’ निवडा. तयार फाइल ॲडोबी रीडरमध्ये उघडून ‘प्रॉपर्टीज’ पाहिलं की खाली ‘टॅग्ड पीडीएफ’समोर ‘येस’ किंवा ‘नो’ दिसतं. ‘नो’ असेल तर पुढचं काही तपासू नका, फाइल नव्याने बनवा.

वर्डमध्येच चित्र मजकुराभोवती तरंगतं ठेवलं असेल, तर स्क्रीन रीडर ते भलत्याच जागी वाचतो किंवा ओलांडून जातो. चित्राच्या मांडणीत ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ निवडलं की चित्र ओळीत बसतं. पान थोडं कमी देखणं होईल, पण वाचन सलग होईल.

स्कॅन केलेल्या नोट्सचं दुखणं याहून मोठं आहे. तिथे अख्खं पानच एक चित्र असतं. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली, तर मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. टेसरॅक्ट या मोफत साधनातही मराठी आहे. मात्र ही साधनं अक्षरं ओळखतात, आकृत्या नाहीत. आकृतीच्या जागी सुटलेली नावं विस्कळीत ओळींत येतात. ती पुसून तिथे वर्णन हातानेच लिहावं लागतं.

‘ग्राफिक’ किंवा फाइलीचं नाव ऐकू येतं

इथे चित्र पोचलंय, वर्णन पोचलेलं नाही. ‘आयएमजी अंडरस्कोअर दोन शून्य दोन चार…’ असं ऐकू आलं, तर फाइलीचं नाव वर्णनाच्या जागी बसलं आहे किंवा वर्णन नसलेलं चित्र दुव्याच्या पोटात आहे. चित्रावर क्लिक करून दुसरं पान उघडत असेल, तर वर्णनात चित्र कसं आहे यापेक्षा दुवा कुठे नेतो ते लिहा: ‘प्रयोग ३ ची सूचनापत्रिका’.

कधी वर्णन चुकीच्या चौकटीत पडतं. काही साधनांमध्ये ‘टायटल’ आणि ‘ऑल्ट टेक्स्ट’ अशा दोन चौकटी असतात. माउस नेल्यावर दिसणारी पिवळी चिठ्ठी ‘टायटल’मधून येते. वर्णनाची जागा ‘ऑल्ट टेक्स्ट’ ही आहे. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये चित्रावर उजवं क्लिक करून ती उघडते, तर गूगल डॉक्स आणि स्लाइड्समध्ये चित्र निवडून कंट्रोल, ऑल्ट आणि वाय एकत्र दाबल्यावर.

ऑफिस कधीकधी स्वतःच इंग्रजी वर्णन भरून ठेवतं, आणि शेवटी ‘हे वर्णन आपोआप तयार झालं’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य जोडतं. ते राहिलं तर मराठी धड्याच्या मधोमध विद्यार्थ्याला इंग्रजी अंदाज ऐकू येतो. यंत्राने केलेलं वर्णन कच्चा मसुदा म्हणून चालेल. चित्रात काय आहे ते यंत्र सांगतं, पण ते चित्र धड्यात कशासाठी आलंय हे त्याला माहीत नसतं. आकडे, मराठी नावं आणि बाणांच्या दिशा यांत ते चुकतं, म्हणून प्रत्येक नाव मूळ चित्राशी ताडून पाहा.

पॉवरपॉइंटमधल्या ओघतक्त्यांची गोष्ट वेगळी. वीस चौकटी आणि एकोणीस बाण सुटे असतील, तर विद्यार्थ्याला एकोणीस वेळा ‘बाण’ ऐकावा लागतो. सगळे घटक निवडून, उजव्या क्लिकने चित्र म्हणून जतन करा, ते एकच चित्र स्लाइडवर ठेवा आणि त्याला वर्णन द्या. सुटे घटक असलेली मूळ स्लाइड दुरुस्तीसाठी वेगळ्या फाइलीत सांभाळा.

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या सुट्या फोटोला वर्णनाची चौकटच नसते. फोटोखालचा मजकूर हेच तिथलं वर्णन. ‘उद्यापर्यंत सोडवा’ एवढंच लिहून गणिताचा फोटो पाठवला, की अंध विद्यार्थ्याच्या हाती उद्याची मुदत तेवढी येते.

ऐकू येतं, पण मराठी वाटत नाही

ही अडचण मराठी साहित्यात फार आढळते. जुन्या डीटीपीच्या सवयीने श्रीलिपीसारख्या युनिकोड (सर्व लिप्यांसाठीचा सामायिक अक्षरसंकेत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठलेली असतात. वर्णनाच्या चौकटीला फॉन्ट नसतो, फक्त अक्षरं असतात. त्यामुळे असा मजकूर तिथे चिकटवला की स्क्रीन रीडर त्या चिन्हांचा खडखडाट ऐकवतो. तपासणी दहा सेकंदांची आहे. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी दिसलं तर युनिकोड आहे. नाही दिसलं तर परिवर्तक वापरून बदलून घ्या आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला, कारण रफार आणि पहिली वेलांटी परिवर्तनात घसरतात.

हीच तपासणी पीडीएफवरही करा. युनिकोडमध्ये बनवलेल्या पीडीएफमधूनही कधी वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, कधी जोडाक्षर फुटतं. म्हणून मराठी साहित्याची पीडीएफ एकटी देऊ नये. सोबत वर्डची फाइल किंवा मूडलचं साधं पान असावं.

उच्चार हिंदी वळणाचा येत असेल किंवा इंग्रजी आवाज देवनागरी शब्द गाळून पुढे जात असेल, तर पानावर भाषेची खूण चुकीची आहे. मूडलची मांडणी इंग्रजीत असली की अख्खं पान इंग्रजी म्हणून नोंदलं जातं. एडिटरमधलं एचटीएमएल दृश्य उघडा आणि मराठी मजकूर व चित्र यांना वेढणाऱ्या ‘डिव्ह’मध्ये ‘लँग’ या गुणधर्माला ‘एमआर’ हा मराठीचा संकेत द्या. वर्णन त्याच वेढ्यात असल्याने त्यालाही तीच भाषा लागू होते. वर्डमध्ये मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’मधून भाषा मराठी करा.

वर्णन अर्ध्यावर तुटतं तेव्हा अक्षरमर्यादा पाहा. मूडलच्या काही जुन्या एडिटरमध्ये ती १२५ होती, नंतर ७५० झाली. पण हे मोजमाप देवनागरीला जड जातं. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मोजतो, संगणक मात्र व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी असे दहा मोजतो. १२५ च्या चौकटीत मराठीची जेमतेम पंधरा-वीस शब्दांची ओळ मावते. वर्णन १२५ अक्षरांतच बसवा असा नियम वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत कुठेही नाही, तेव्हा त्यासाठी मजकूर छाटू नका. सविस्तर वर्णनाची जागा निराळी आहे, ती पुढे येते.

चिन्हांचंही पाहा. ‘१०-२०’ मधली रेघ बोलली जाईलच असं नाही, म्हणून ‘१० ते २०’ लिहा. उणे तापमान शब्दांत लिहा: ‘उणे ५ अंश’. ‘कि.मी.’ऐवजी ‘किलोमीटर’. बाणाचं चिन्ह टाळून ‘पासून’ आणि ‘कडे’ हे शब्द वापरा.

सगळं ऐकू येतं, तरी आकृती कळत नाही

इथून पुढचं काम विषयशिक्षकाचं आहे. ते संगणक विभागाकडे ढकलता येत नाही.

भूगोलातली प्रतिरोध पावसाची आकृती घेऊ. सापडणारं वर्णन बहुधा असं असतं: ‘पावसाचे चित्र’. थोडं कष्ट घेतलेलं: ‘डोंगर, ढग, समुद्र, नारळाची झाडं आणि बाण असलेली सुंदर रंगीत आकृती’. दुसरं लांब आहे, पण त्यातूनही पाऊस डोंगराच्या कुठल्या बाजूला पडतो ते कळत नाही, आणि आकृती तर त्याचसाठी काढलेली आहे. ऑल्ट टेक्स्टमध्ये एवढं पुरे:

‘सह्याद्रीचा पश्चिम-पूर्व छेद: पश्चिम उतारावर पाऊस, पूर्वेला पर्जन्यछाया. सविस्तर वर्णन आकृतीखाली.’

आणि आकृतीखाली, पानावर सर्वांना दिसेल अशा साध्या परिच्छेदात:

‘आकृती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचावी. पश्चिमेला अरबी समुद्र. त्याला लागून कोकणची अरुंद सखल पट्टी. मग एकदम उभा चढणारा सह्याद्रीचा पश्चिम उतार. माथ्यापलीकडचा पूर्व उतार सौम्य असून तो हळूहळू पठारात मिसळतो. समुद्रावरून निघालेला “बाष्पयुक्त वारे” असा बाण पश्चिम उताराने वर चढतो. माथ्याच्या पश्चिमेला दाट ढग आहेत आणि पावसाच्या रेषा पश्चिम उतारावर पडतात. माथा ओलांडून बाण खाली उतरतो, तिथे “कोरडे वारे” असं लिहिलं आहे. पूर्व बाजूला ढग नाहीत. तिथे “पर्जन्यछायेचा प्रदेश” असं लिहिलं आहे.’

यात क्रम एकाच दिशेचा आहे, उड्या नाहीत. आकृतीतली नावं जशीच्या तशी अवतरणांत आहेत, कारण धड्यात आणि परीक्षेत तेच शब्द येणार. नारळाची झाडं गाळली. हवा वर जाताना का थंड होते तेही नाही, कारण ते आकृतीत दाखवलेलं नाही, धड्यात सांगितलेलं आहे. डावी-उजवी किंवा पूर्व-पश्चिम अशा दिशा द्यायला बिचकू नका. जन्मतः अंध व्यक्तीही दिशा आपल्यासारख्याच वापरते.

सविस्तर वर्णन आकृतीखाली उघड ठेवावं, असं आमचं ठाम मत आहे. ऑल्ट टेक्स्टमध्ये परिच्छेद, तक्ता, शीर्षक काही टिकत नाही, सगळं एका दमात वाचलं जातं. पानावरचा परिच्छेद मात्र नक्कल केली, छापला, ब्रेलमध्ये घेतला किंवा व्हॉट्सॲपवर पाठवला तरी सोबत जातो. अंधुक दिसणाऱ्या आणि संथ नेटवर चित्र न उतरणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तो मिळतो. आकृतीखालची ओळ आणि ऑल्ट टेक्स्ट शब्दशः एकच नसावेत, एवढं पाहा. नाहीतर तेच दोनदा ऐकावं लागतं.

विजेच्या परिपथात दिसण्यापेक्षा जोडणी महत्त्वाची. ‘वर उजव्या कोपऱ्यात नागमोडी रेघ’ याने काही साधत नाही. असं लिहा: ‘६ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून कळ, मग ॲमीटर, मग १० ओहमचा रोध, मग २० ओहमचा रोध, आणि परत ऋण टोकाला, सगळे एकसर जोडणीत. २० ओहमच्या रोधाला व्होल्टमीटर समांतर जोडला आहे. कळ जोडलेली असून प्रवाह वाहतो आहे.’ यावरून विद्यार्थी ०.२ अँपिअर आणि ४ व्होल्ट स्वतः काढू शकतो. ‘कळ बंद आहे’ असं लिहू नका. पुस्तकात बंद परिपथ म्हणजे पूर्ण झालेला परिपथ, आणि घरी ‘दिवा बंद’ म्हणजे विझलेला.

आलेखाला एका वाक्यात कल सांगा आणि खाली खरा तक्ता द्या. त्याची पहिली ओळ शीर्षकाची म्हणून नोंदवा. एनव्हीडीएमध्ये कंट्रोल आणि ऑल्टसह बाणाच्या कळा दाबून विद्यार्थी तक्त्यात रकान्यागणिक फिरू शकतो. तक्त्याचं चित्र टाकलं तर हे सगळं जातं.

रंगाचा उल्लेख धड्याला लागतो तिथेच करा. स्तंभालेखातली लाल पट्टी वर्णनात ‘ज्वारी’ असावी. निळा लिटमस कागद आम्लात लाल होतो, तिथे मात्र रंग हाच धडा आहे.

समीकरणाचा फोटो टाकून त्याला वर्णन लिहिणं हा आडवळणाचा मार्ग आहे. मूडलमध्ये मॅथजॅक्स (पानावर समीकरणं दाखवणारं साधन) चालू असेल तर समीकरण लॅटेक या गणित लिहिण्याच्या संकेतपद्धतीत टंका. मॅथकॅट हे पूरक साधन असलेला एनव्हीडीए ते वाचतो, आणि एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट), ऑल्ट व एम दाबून त्याच्या भागांत फिरताही येतं. शब्दांत लिहायचीच वेळ आली तर कंस कुठे संपतो ते सांगा. ‘क अधिक ख भागिले ग’ याचे दोन अर्थ होतात. ‘अंश: क अधिक ख. छेद: ग.’ याचा एकच.

चाचणीतली चित्रं

इथे वर्णनात दोन उलट चुका होतात: उत्तर फुटतं किंवा प्रश्नच अशक्य होतो. ‘नकाशातली नदी ओळखा’ या प्रश्नाला ‘गोदावरी नदीचा नकाशा’ असं वर्णन दिलं की प्रश्न संपला. ‘नदी ओळखण्याचा नकाशा’ दिलं तर सोडवताच येत नाही. जे दिसतं तेवढंच द्या: ‘महाराष्ट्राची सीमारेषा. एक नदी राज्याच्या वायव्य भागात सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्व-आग्नेय दिशेने वाहत राज्याच्या पूर्व सीमेकडून बाहेर पडते.’ नकाशात शहरांची नावं नसतील तर वर्णनातही नाशिक किंवा पैठण नको. आलेखाच्या प्रश्नात आकड्यांचा तक्ता द्या, ‘सर्वाधिक वाढ २०११ मध्ये’ असा निष्कर्ष देऊ नका.

काही प्रश्न शब्दांत उतरतच नाहीत. कोनमापकावर कोन वाचायचा असेल तर वर्णन लिहिताना उत्तरच सांगावं लागतं. तिथे उठावाची आकृती द्या किंवा तेच कौशल्य तपासणारा दुसरा प्रश्न द्या. हा निर्णय परीक्षेच्या दिवशी घेता येत नाही.

दर सत्रात पुन्हा तेच का

वर्णन चित्रात साठत नाही, त्या पानावरच्या त्या जागी साठतं. चित्र काढून नवं घातलं की वर्णन गेलं. तेच चित्र दुसऱ्या धड्यात टाकलं तर तिथली चौकट रिकामी असते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे त्याच नावाची सुधारित फाइल चढवणं. वर्णन जागेवर राहतं, पण ते जुन्या आकृतीचं असतं. सुलभता तपासणारी साधनं इथे फसतात. मूडलच्या एडिटरमधला तपासनीस असो वा वर्डचा, वर्णन आहे की नाही एवढंच ते पाहतात. ते खरं आहे का हे माणसालाच पाहावं लागतं.

यावर उपाय म्हणजे वर्णनं एका तक्त्यात सांभाळणं. फाइलीचं नाव, कुठल्या धड्यात आहे, चित्राचं धड्यातलं काम, ऑल्ट टेक्स्ट, सविस्तर वर्णन, कोणी ऐकून तपासलं आणि कधी, एवढे रकाने पुरेत. फाइलींना ‘भूगोल-९-प्रतिरोध-पाऊस’ अशी ओळखता येणारी नावं द्या. चित्र बदलणाऱ्याने आधी तक्त्यातली ओळ बदलायची आणि मग पान. शिक्षक बदलले तरी तक्ता विभागात राहतो.

दोनशे चित्रं बाकी असतील तर चाचणीतली आधी घ्या, मग ‘आकृती पाहा’ असं धडा जिथे सांगतो ती, मग उरलेली. सजावटीच्या चित्रांवर खुणा करायला एक बैठक पुरते आणि ढीग लगेच कमी होतो. प्रकाशकाच्या पुस्तकातली आकृती म्हणून अडत असाल, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ प्रत बनवू देतो. आणि दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ स्वरूपात असावा यासाठी पावलं उचलणं ही शासनाची जबाबदारी आहे. वेळ आणि माणसं मागताना अर्जात हे कलम लिहा.

वर्णन जमलंय का हे पाहायला ते सहकाऱ्याला फोनवर वाचून दाखवा आणि कागदावर आकृती काढायला सांगा. जिथे त्याचा हात थांबतो, तिथे वाक्य कमी आहे. विद्यार्थ्याला ‘समजलं का?’ विचारलं तर तो भिडेखातर हो म्हणतो. ‘ढग माथ्याच्या कुठल्या बाजूला आहेत?’ असं विचारा.

दुरुस्तीनंतरही विद्यार्थ्याला जुनंच ऐकू येत असेल, तर मोबाइल ॲपमध्ये आधी उतरवलेली प्रत काढून धडा पुन्हा उतरवायला सांगा. चाचणी चालू असताना प्रश्न दुरुस्त केला असेल, तर मूडल ४ मध्ये सुरू झालेल्या प्रयत्नात प्रश्नाची जुनी आवृत्तीच राहते. त्या विद्यार्थ्याला नवा प्रयत्न उघडून द्यावा लागतो, आणि गेलेला वेळही.